खारीला घरी एकटं राहायला कसं शिकवू?

तळ्याकाठची
नमस्कार मंडळी. प्राणीवाल्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबण लागेल.

आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. खारी आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, दोनेक वर्षांची, पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडलेली. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून खारी. आजवर ती एकटी अशी राहिलीच नाही, कारण सासूबाई घरी असायच्या. आता त्या नणंदेच्या बाळंतपणासाठी रत्नागिरीला गेल्यात, गणपतीपर्यंत तरी येणं नाही. नवऱ्याचं ऑफिस महापेला, माझं बीकेसीला. मला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येतं, त्याला एक. उरलेल्या दिवशी खारी दहा ते सहा एकटी.

आम्ही लिफ्टपाशी पोचायच्या आत भुंकणं सुरू होतं. शेजारच्या काकू सांगतात की दुपारपर्यंत थांबून थांबून भुंकते आणि मग नुसती रडते. मुख्य दाराची चौकट खालून सोलून काढली आहे. एरवी घरात कधी शू न करणारी पोरगी हल्ली दाराशीच करून ठेवते. सोसायटीच्या ग्रुपवर "काही सभासदांच्या पाळीव प्राण्यांमुळे" असा मेसेज पडलाय. नाव घेतलेलं नाही, पण कोणाला कळायचं राहिलेलंही नाही.

सल्ले ढीगभर मिळालेत. रागाने करते म्हणे, दोन दिवस रडू द्या म्हणे, दुसरं कुत्रं आणा म्हणे. ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

सुरळीची_वडी
सल्ल्याच्या आधी एक काम करा. जुना मोबाइल फडताळात उभा करून स्वतःच्याच नंबरवर व्हिडिओ कॉल लावा, दार ओढून घ्या आणि खाली जाऊन बघत बसा. फार वेळ नको, पहिली काही मिनिटं पुरतात. रडायला लागली की वर या.

याचं कारण असं की "एकटं असताना भुंकतं" हा एकच आजार नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने २०२० साली २,७०० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना चार वेगवेगळे प्रकार दिसले. काहींना घरातल्याच कशापासून तरी पळायचं असतं, काहींना बाहेरच्या कशाकडे तरी जायचं असतं, काही बाहेरच्या आवाजांवर तुटून पडतात आणि काही चक्क कंटाळलेले असतात. कंटाळलेल्या कुत्र्याचा उपाय घाबरलेल्याला लावला तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

बघायचं ते असं: सुरुवात कधी होते? धापा टाकते का, लाळ गळते का? भुंकताना तोंड दाराकडे की बाल्कनीकडे? आणि जाताना तिच्या आवडीचा खाऊ खाली ठेवा. खाते की नाही, यावरून बरंच कळेल.

निवृत्त_नाना
आमच्या वाड्यात कायम दोन-दोन कुत्री असत. कोणी त्यांना एकटं राहायला शिकवलं नाही की व्हिडिओ काढले नाहीत. दोन दिवस ओरडतं, तिसऱ्या दिवशी गप्प होतं. आम्हाला पोहायला शिकवलं तेही विहिरीत ढकलूनच. हल्ली जरा जास्तच लाड चाललेत, असं माझं स्पष्ट मत. पटलं तर घ्या.

बंड्याची_मावशी
नाना, विहिरीत ढकलताना पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला होता की नाही? आणि काठावर काका उभे होते की नाही? :)

वाड्यातली कुत्री एकटी कधी होती? चौकात कोणी ना कोणी असायचंच, दिंडीदरवाजा उघडा, गल्लीतल्या चार कुत्र्यांशी येणं-जाणं. चौथ्या मजल्यावरच्या बंद वन बीएचकेत आठ तास ही परिस्थिती त्या कुत्र्यांवर आलीच नाही. रडू दिल्यावर काही कुत्री गप्प होतात हे खरं. पण दमून गप्प होणं वेगळं आणि निश्चिंत होणं वेगळं. जे खरोखर घाबरलेलं आहे ते बहुधा रोज आधीपेक्षा लवकर घाबरायला लागतं. आधी दार लागल्यावर, मग चप्पल घातल्यावर, मग तुम्ही आंघोळीला गेलात तरी.

तळ्याकाठची
केला व्हिडिओ. बघवला नाही.

दार लागलं तशी दाराच्या फटीला नाक लावून उभी. मग हॉलमध्ये फेऱ्या, परत दार, परत फेऱ्या. भुंकणं सुरू व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. फरशीवर लाळेचे थेंब दिसत होते. बाल्कनीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उकडलेल्या चिकनचा तुकडा, जो एरवी हवेत असतानाच गायब होतो, तो तसाच पडून होता. मी आत आले, तिने माझ्याभोवती पिंगा घातला आणि मग शांतपणे जाऊन तो खाल्ला.

शू दिसली की ती कान पाडून कोपऱ्यात जाते, त्यामुळे नवऱ्याला अजून वाटतं की तिला आपलं चुकलंय हे कळतं.

सुरळीची_वडी
ही घबराटच. चिकन न खाणं ही मोठी खूण आहे. भीतीने पोटात गोळा आलेला असताना भूक लागत नाही.

कान पाडण्याबद्दल: न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ मधला एक प्रयोग आहे. कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की तो "अपराधी" चेहरा हमखास यायचा. म्हणजे तो आपल्या कपाळावरच्या आठ्या वाचून येतो. नवरोबांना सांगा, शू निमूट पुसायची. तासाभरापूर्वीच्या शूबद्दल आत्ता ओरडलं तर तिच्या लेखी एवढाच अर्थ उरतो की ही माणसं जातात तेव्हा वाईट होतं आणि परत येतात तेव्हाही वाईट होतं.

बंड्याची_मावशी
आता कामाचं लिहिते. बंड्या आमचा लॅब, २०२० च्या लॉकडाउनमध्ये आलेला. अख्खं घर चोवीस तास त्याच्या सेवेत. २०२२ मध्ये ऑफिसं उघडली आणि खारीचं जे चाललंय तेच आमच्याकडे कोथरूडमध्ये झालं. पुण्यातल्या एका ट्रेनरताईंनी मार्गी लावलं, त्यांच्याकडून शिकलेलं सांगते.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. शिकवणं चालू असेपर्यंत तिला झेपतं त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. सकाळी शांतपणे दोन मिनिटांचा सराव आणि मग दहा ते सहा आकांत, असं केलंत तर सकाळचा सराव पाण्यात. बहुतेक लोक इथेच अडकतात, आणि मग "ट्रेनिंगचा उपयोग होत नाही" म्हणतात.

म्हणजे आधी माणसं जमवा. तुमच्याकडे घरून कामाचे तीन दिवस आहेत, ते एकाच दिवशी पडू देऊ नका. उरले दोन. कामाच्या मावशींची वेळ दुपारी करता येते का पाहा. कुत्र्याची भीती नसेल तर तासभर जास्त थांबायचे पैसे द्या. इमारतीत अभ्यासाला शांत जागा शोधणारा एखादा कॉलेजचा मुलगा असतोच, त्याला वायफाय आणि चहा पुरतो. डे-बोर्डिंग हाही पर्याय आहे, पण आधी जाऊन बघा. वीस कुत्री एका खोलीत कोंडून ठेवणाऱ्या जागी पाठवण्यात अर्थ नाही. खारीला माणूस हवंय, तुम्हीच हवे असा तिचा हट्ट असेलच असं नाही. बऱ्याच कुत्र्यांना कोणीही ओळखीचं चालतं.

आता सराव. दाराकडे चालत जायचं, कडीला हात लावायचा, परत यायचं. तिने मान वर करून पाहिलं आणि परत खाली ठेवली की पुढची पायरी: दार उघडून बंद. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग बाहेरून लॅच लावून काही सेकंद. आमच्याकडे लॅचच्या "खट्" आवाजावरच गाडी अडली होती, तेवढ्यासाठी बरेच दिवस गेले. मग लिफ्टचं बटण, मग एक मजला खाली, मग गेटपर्यंत. पूर्ण वेळ मोबाइलवर नजर. ती घाबरायच्या आत परत यायचं. घाबरल्यावर परतलात तर पुढच्या वेळी वेळ निम्म्यावर आणा.

दर वेळी वेळ वाढवतच न्यायचा नाही. कधी एक मिनिट, कधी दहा सेकंद, कधी दीड मिनिट. सतत वाढतच गेलं तर त्यांच्या लक्षात येतं. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, तिलाही आणि तुम्हालाही.

निश्चिंत कुत्रं ओळखायला शिका. पोटाखाली चारही पाय घेऊन, कान टवकारून बसलेलं कुत्रं गप्प असलं तरी निश्चिंत नसतं. एका कुल्ल्यावर कलंडली, उसासा टाकला, मान जमिनीला टेकवली, की समजा जमलं.

किल्ली आणि पर्सबद्दल नेटवर लिहितात की दिवसभर उगाच किल्ल्या वाजवत फिरा, म्हणजे त्यांचा अर्थ निघून जाईल. बंड्याच्या बाबतीत उलटंच झालं, तो दिवसभर सावध राहायला लागला. आधी किल्ल्या-पर्सशिवाय दार जमवा आणि मग एकेक वस्तू आणा, हे मला जास्त पटतं.

अबोल_पोपट
आमचा शेरू दह्यात कालवलेला भात आणि उकडलेला लाल भोपळा रबरी खेळण्यात भरून, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून दिला की पाऊण तास हूं की चूं करत नाही. हे का नाही करत?

बंड्याची_मावशी
शेरू कंटाळणाऱ्यांतला असणार, त्याला ते उत्तम. खारी चिकनला तोंड लावत नाही, तिथे दहीभाताचं काय घेऊन बसलात. शिवाय काही घाबरट कुत्री खाणं असेपर्यंत खातात आणि भांडं रिकामं झालं की तिथून आकांत सुरू करतात. आपल्याला वाटतं पाऊण तास राहायला शिकलं. खाणं द्या, पण तुम्ही घरात असताना, तिच्या गादीवर, म्हणजे ती जागा आवडीची होईल.

भरताना एवढं पाहा: मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट नाही. पीनट बटर घेतलंत तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं नाही ना ते वाचा. कुत्र्यांना ते थोडंही भारी पडतं.

गुरांचा_डॉक्टर
उशिरा आलो. मी मिरजेत असतो. शिकलो गाईम्हशींसाठी, पण हल्ली संध्याकाळची निम्मी ओपीडी कुत्र्यांची असते, आणि त्यात "एकटं राहत नाही" ही तक्रार वाढत चालली आहे.

ताई, आधी तिला तुमच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. अचानक घरात शू व्हायला लागली तर लघवी तपासून घ्यायची, भीती हे कारण उघड दिसत असलं तरी. कुठे दुखत असेल तरी कुत्रं एकटं राहायला बिचकतं.

औषधांचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधं नेमक्या याच त्रासासाठी वापरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांसाठी पहिल्याला १९९८ मध्ये आणि दुसऱ्याला २००७ मध्ये मान्यता दिली, तीही सरावासोबत द्यायची म्हणून. ही गुंगीची औषधं नाहीत. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, सुरुवातीला भूक मंदावू शकते, आणि बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून हळूहळू. आमच्याकडे लोक म्हणतात, "एवढ्याशा कुत्र्याला वेड्याच्या गोळ्या?" माझं उत्तर ठरलेलं असतं. दोन मिनिटांत लाळ गाळणारं जनावर शिकण्याच्या अवस्थेतच नसतं. गोळीने भीती जरा उतरली की मग मावशींचा वरचा सराव डोक्यात शिरतो. सौम्य केसला गरज नाही. खारीची सौम्य वाटत नाही.

घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देऊ नका. आणि नुसतं मरगळून टाकणारं औषध कोणी दिलं तर प्रश्न विचारा. अंग लुळं पडलं तरी भीती आत तशीच असू शकते.

पिंजऱ्याचंही सांगतो. लहानपणापासून सवय असेल तर ठीक. पण घाबरलेल्या कुत्र्याला शांत होईल म्हणून पिंजऱ्यात कोंडलं की सुळे तुटलेले आणि नखं उपटलेली बघायला मिळतात.

निवृत्त_नाना
डॉक्टरसाहेब, मग बांधून ठेवणंही वाईटच म्हणायचं?

गुरांचा_डॉक्टर
नाना, त्याच भीतीत गळ्याला साखळी. फास बसण्याचा धोका वेगळाच.

हिशेबतपासनीस
मी आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणजे पलीकडच्या टेबलावर बसलेला माणूस. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बहुमताने ठराव करूनही सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. नाना, साखळीबद्दल १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम ११ वाचा. आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं त्यात येतं, आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय करणंही येतं.

पण ताई, हे कागद ग्रुपवर टाकू नका. कागद टाकला की समोरचा दुसरा कागद शोधायला लागतो. त्यापेक्षा वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन सांगा की त्रास होतोय याची कल्पना आहे, अमुक उपाय सुरू केलाय, आणि भुंकली तर या नंबरवर कळवा. माझ्या अनुभवात तक्रार करणाऱ्या दहांतल्या आठ जणांना एवढंच हवं असतं की कोणीतरी दखल घेतली. उरलेल्या दोघांना काहीही चालत नाही, त्यांना पार्किंगचंही चालत नाही.

फिकट_ऊन
स्वीडनहून लिहितेय, योतेबोर्ग. इथे नियमच आहे की घरात ठेवलेल्या कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यायचं. त्यामुळे कुत्र्यांची पाळणाघरं गल्लोगल्ली, आणि नोकरी करणारे लोक कुत्रं घ्यायच्या आधी तिथे जागा आहे का ते विचारतात. सांगायचा मुद्दा, सराव यशस्वी झाला तरी दहा ते सहा सलग हे ध्येय ठेवू नका. मध्ये कोणीतरी येऊन फिरवून जाईल असंच धरून चाला.

एक विचारायचं होतं. निघताना आणि आल्यावर कुत्र्याकडे बघायचंही नाही असं सांगतात. ते खरंच करायचं?

सुरळीची_वडी
पूर्वी सर्रास सांगायचे. पण २०१८ मध्ये इटलीत एक छोटा प्रयोग झाला. त्यात निघण्याआधी थोडं कुरवाळलेली कुत्री मालक नसताना जास्त शांत दिसली. कुत्री मोजकीच आणि मुळात धडधाकट होती, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभारू नये. माझं म्हणणं, नाटक नको, तुसडेपणाही नको. "येते गं" म्हणा आणि निघा.

अबोल_पोपट
आणि दुसरं कुत्रं?

बंड्याची_मावशी
दुसरं कुत्रं हवं असेल तर आणा. पहिल्याचं औषध म्हणून आणू नका. पहिलं माणसासाठी रडतंय. आमच्या ओळखीत एकांनी आणलं, आता दोघं सुरात रडतात.

तळ्याकाठची
सगळ्यांना एकत्र उत्तर देते, मध्ये बरेच दिवस गेले.

लघवीची तपासणी स्वच्छ आली. आमच्या डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. पहिल्या आठवड्यात खाणं जरा कमी झालं, मग पूर्ववत. मंगळवार आणि गुरुवार दुसऱ्या मजल्यावरची सीएची तयारी करणारी मुलगी आमच्याकडे येऊन बसते. पंखा, शांतता आणि पायावर डोकं ठेवून झोपणारी खारी, ती खूश आहे. हिशेबतपासनीस म्हणाले तसं घरोघरी जाऊन आले. ज्यांनी मेसेज टाकला असेल असं वाटत होतं त्यांनी टाकलाच नव्हता. ज्यांनी टाकला होता त्यांनी चहा दिला.

सराव सकाळी कचरेवाला येऊन गेल्यावर करतो, कारण त्याने बेल वाजवली की सगळं मुसळ केरात. आमच्याकडे लॅचचं काही नव्हतं, लिफ्टचं होतं. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला की ती उठून बसायची. म्हणून बरेच दिवस जिन्यानेच उतरलो, मग लिफ्टचं दार नुसतं उघडून बंद करत राहिलो. खालचे आजोबा विचारत होते, बिघडलीय का लिफ्ट.

आता पाऊण तासाच्या आसपास राहते. परवा मी खाली भाजीवाल्याकडे उभी राहून मोबाइलवर बघत होते, तर ती सोफ्यावर (जिथे चढायला बंदी आहे) आडवी होऊन घोरत होती. भाजीवाल्यालाही दाखवलं.

गुरांचा_डॉक्टर
उत्तम. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच बहुतेकांची फाटते. तो टप्पा निवांत पार पडला की पुढची वाढ सहसा मोठ्या उड्यांनी होते. गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून थांबवू नका.

निवृत्त_नाना
सोफ्यावर चढली त्याचं काय करणार?

तळ्याकाठची
नाना, सध्या काहीच नाही :D

डॉक्टर, अजून एक शंका. गणपतीला सासूबाई येतायत, बाळाला बघून मन भरलं तर. दोन-तीन आठवडे राहतील. तेवढ्या काळात खारी एकटी राहणारच नाही. सराव बंद ठेवला तर सगळं परत शून्यावर येईल का?

गुरांचा_डॉक्टर
शून्यावर नाही, पण गंज चढतो. सासूबाई असतानाही आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्यांनी मिळून बाहेर पडा, भले देवळापर्यंत. त्या परत गेल्यावर पाऊण तासावर सुरुवात करू नका, दहा मिनिटांनी करा आणि दोन-चार दिवसांत वर न्या. ढोल-ताशा चालू असताना सराव अजिबात नको. आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती बऱ्याच कुत्र्यांत जोडीने असते, त्या दोघींची गाठ घालून देऊ नये. विसर्जनाच्या दिवशी कोणीतरी घरी थांबा, खिडक्या लावून पंखा मोठा करा. दिवाळीच्या फटाक्यांसाठी वेगळं औषध लागेल का, ते तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ऐन धनत्रयोदशीला दवाखान्यात रांग असते.